आन्सेल्मचं नाव सकाळीच

हॅलिफॅक्स, मंगळवार

प्रिय ओडेट,

प्रभूची कृपा तुझ्यावर असो, मी कितीही चिडलेली असले तरी.

आठवतं, चुलीपाशी आपण दोघी पेंगत गुडघे टेकायचो आणि आई एकेक नाव घ्यायची? समुद्रावर असलेल्यांची नावं सकाळच्या प्रार्थनेत, वारलेल्यांची संध्याकाळच्या. बाबा बोटीवर असताना तू चुकून त्यांचं नाव संध्याकाळी घेतलंस, तर आईने तुला उपाशी झोपवलं होतं.

आणि काल फोनवर म्हणतेस, “ताई, आन्सेल्मचं नाव संध्याकाळी घेतलं, मन कसं शांत झालं!” तुझं मन गं! माझ्या पोराची बोट अजून शोधतायत. इथे बंदरावरचे लोक रोज सांगतात, “बाई, शोध थांबवलेला नाही.”

मी वेळेवर जेवते. झोपेचं विचारू नकोस. शाळेत सिस्टरांनी वळण लावलेलं अक्षरही आज वाकडं येतंय. तुझा गुडघा कसा आहे?

आता ऐक. शेजारणींनी आणलेलं दुखवट्याचं जेवण फादर कोमोंना दे. आन्सेल्मचे बूट शेजारच्या थेओफिलला कुणी दिले? परत आण. निळा स्वेटर कुणालाही द्यायचा नाही. आईची जपमाळ तू घे, आणि उद्या सकाळी त्याचं नाव सगळ्यांत आधी घे.

तुझी,
मार्सेलिनताई