लॅबचे नियम आणि माझा चुना

मेहकर, ५ जुलै १९३७
आजपासून शाळेच्या लॅबचा चार्ज माझ्याकडे. हेडमास्तर उत्तमराव म्हणाले, सप्टेंबरात अमरावतीहून इन्स्पेक्टरसाहेब येतील, शेरा चांगला पडला तर नोकरी पर्मनंट. पडणारच. नागपूरचा बी.एस्सी. आहे मी! कपाटात पारा, शिसे, सोमल. आणि शिस्त शून्य. बोर्ड स्वतः रंगवला : लॅबमध्ये काही खाऊ नये. लेबल नसलेली बाटली वापरू नये. नमुन्याला हात लावू नये.

८ जुलै
एक पोरगा फुटाणे खाताना सापडला. झाडला चांगला. त्याआधी मला तोंडातली तंबाखू थुंकावी लागली. तंबाखू म्हणजे खाणे नव्हे.

१९ जुलै
उत्तमरावांना तंबाखूचा तिटकारा. म्हणून चुन्याची कोरडी पूड लॅबमध्येच ठेवली, रिकाम्या बाटलीत. शेजारी सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी भुकटी. चुन्याला लेबल लावणार होतो. डिंक संपला.

२ ऑगस्ट
झुरळांनी सफेद्याच्या लेबलाची खळ खाल्ली. लेबल गळाले. हरकत नाही. लेबले पोरांसाठी असतात. मी बाटली तोंडावरून ओळखतो. चुन्याची डबी भरून घेतली.

६ ऑगस्ट
हा चुना फर्स्टक्लास. जीभ भाजत नाही. माल ओळखता आला पाहिजे.

२३ ऑगस्ट
पोटात कळा. शौचास नाही. हिची वांग्याची भाजी, दुसरे काय! तसे म्हणालो तर ही उखडली. म्हणे, लेकरं बी तेच खाऊन राह्यले, मंग तुमालेच काऊन होते? बायकांना लॉजिक नसते. एरंडेल घेतले. पोट साफ व्हावे म्हणून तंबाखूही वाढवली.

३ सप्टेंबर
वर्गात शिशाचे विष शिकवले. पोटात कळा, बद्धकोष्ठ, हिरड्यांवर निळी रेघ. काय रंगला तास! पोरे माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. असा वर्ग नशिबाने मिळतो.
घरी आल्यावर हिने विचारले, तुमच्या हिरड्याइले निळी रेघ काऊन दिसून राह्यली? शाई असणार. टाक चावायची सवय आहे मला.

२४ सप्टेंबर
इन्स्पेक्शन. मनगटात जोर नव्हता, आवाज मात्र खणखणीत. एका नळीत कपाटातला सफेदा, दुसरीत माझ्या डबीतला चुना. साहेबांना सांगितले, दोन्हींत ॲसिड आणि पोटॅश आयोडाइड टाकतो. शिसे असेल ते पिवळे होईल, चुन्याला काही होणार नाही.
सफेदा ढिम्म. चुना हळदीसारखा पिवळा.
साहेबांनी पोरांना विचारले, यावरून काय समजले? अख्ख्या वर्गाचे हात वर. इंद्रभान उठून म्हणाला की बाटल्या बदलल्या, सर बैलपोयाच्या आधीपासून शिसं खाऊन राह्यले. साहेब म्हणाले, करेक्ट.

२९ सप्टेंबर, बुलढाण्याचा दवाखाना
डॉक्टर म्हणतात, वाचाल. तंबाखू बंद.
शेरा आला : विद्यार्थ्यांची तयारी उत्तम, सायन्सला दुसरा मास्तर पाहावा. लॅबच्या किल्ल्या ड्रॉइंगच्या नारायणरावांकडे गेल्या. फार वाईट वाटले. खोटे कशाला लिहू?
उत्तमरावांचा निरोप आहे की शनिवारी मोटारीने वर्ग आणतो, पुस्तकात हिरड्यांचे चित्र नाही. ही म्हणते, मोठा आ करा, पोराइले दिसलं पाहिजे. करीन. पण नमुन्याला हात लावू नये, हे त्यांना दारातच सांगणार आहे.