एकाच वारुळातल्या दोघी

तीर्थरूप ताईस,

शेंडेफळाचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे प्रयोगशाळेत मी वाळवंटातल्या मुंग्या निवडते. काल थोराड मुंग्या एका डबीत ठेवल्या, बारक्या दुसरीत, आणि वर दोन वेगळ्या जाती लिहून मोकळी झाले. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अगं, या एकाच वारुळातल्या, सख्ख्या बहिणी. अळी असताना जिला जास्त भरवलं, ती मोठी झाली."

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच कशी? लहानपणी तू रोज "पोट भरलं" म्हणून ताट माझ्याकडे सरकवायचीस.

खरंच भरलेलं असायचं का गं?

तुझीच,
थोराड धाकटी