बारशाआधीची बोट

रत्नागिरी, ४ फेब्रुवारी २०२५
ती. सुहासिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.
फोनवर तू तीन वाक्यांत बोलणं आटोपतेस, म्हणून पत्र. खराडीची नोकरी सोडली आणि शिडाची बोट घेतली. जुनीच आहे, आत झोपायला फळी, चहाला स्टोव्ह. मार्चमध्ये एकटाच कोचीपर्यंत जाणार. इथले मिस्त्री भीमराव यांनी आधीच्या मालकाने दिलेलं नाव खरवडून काढलंय. आम्हा सगळ्यांची नावं तूच कानात सांगितलीस, तेव्हा हिचंही आत्यानेच ठेवावं. लोभ आहेच, नाव आलं की वाढेल.
तुझा वरद

पुणे, १२ फेब्रुवारी
चि. वरदास अनेक आशीर्वाद.
स्वारगेटहून साताऱ्याला जाईपर्यंत दोनदा गाडी थांबवायला लावणारा मुलगा समुद्रात निघाला, हे वाचून करमणूक झाली. वडिलांना विचारलंस का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे. नाव ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे, आणि घाईत ठेवायचीही नव्हे. बारसं झाल्याशिवाय तान्ह्याला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. हिलाही तोवर बंदराबाहेर काढायचं नाही, माझी शपथ आहे. सोबत मेतकूट पाठवते आहे. खाताना माझी आठवण काढायला हरकत नाही.
सुहासिनीआत्या

पुणे, ९ एप्रिल
ती. दादास सा. न. वि. वि.
बंगळूरला अवनीकडे तुझी तब्येत बरी असेल. फोनवर ती ऐकते आणि लगेच भावाला सांगते, म्हणून लिहिते. तुझ्या लेकाची आणखी चार पत्रं आली, मागणी एकच. वारा चांगला आहे, बाकीच्या बोटी गेल्या, म्हणतो. दादा, नाव मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण अक्षर निघत नाही, अक्षय्य तृतीया होऊ दे, असं काहीबाही कळवत राहिले. एकटा पोर पाण्यात जाणार, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही. पाऊस लागला की तो आपोआप थांबेल. तू त्याला काही बोलू नकोस. अवनीला आशीर्वाद, तुला नमस्कार.
सुहास

रत्नागिरी, १७ मे
ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.
अक्षय्य तृतीया होऊन सतरा दिवस झाले. तुझी शपथ पाळली आणि सगळा चांगला वारा किनाऱ्यावर बसून घालवला. आता थांबलो तर थेट ऑक्टोबर. भीमराव नको म्हणतात; दोन दिवस दक्षिणेकडून जड लाटा येताहेत आणि कोळ्यांनी होड्या वर ओढल्यात. पण सहा-सात दिवसांचाच तर प्रश्न आहे. उद्या सकाळी निघतो. शपथ मोडतोय, रागावू नकोस. नाव कोचीच्या पोस्टात कळव, पोचलो की विचारीन. तोवर माया पातळ करू नकोस.
वरद

पुणे, २४ मे
चि. वरदास आशीर्वाद, कितीही दिले तरी आज पुरत नाहीत.
तुझं पत्र बुधवारी आलं. तेव्हापासून तुझा फोन लागत नाही, आणि कालपासून इथेसुद्धा वारा खिडक्या आपटतोय. बोटीचं नाव ‘येते’. आपल्या घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, म्हणून. फेब्रुवारीतच कळवलं असतं तर मार्चात शांत समुद्रातून पोचला असतास. तुला अडवायला गेले आणि मीच तुला या वाऱ्यात लोटलं. मला फार भीती वाटते रे.
भीमरावांनी माझा नंबर दिला म्हणून आज बंदरावरच्या साहेबांचा फोन आला. रेडिओवरून हाका मारायला बोटीचं नाव हवं होतं. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की हे नाव ऐकून ते ओ देतील ना, त्यांना ते माहीत आहे ना.
मी नाही म्हणाले.
लोभ ठेव, नको ठेवूस; पण ओ दे.
तुझी आत्या