दहा वॅट यायलाच हवेत

३ मार्च, सोमवार
मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायरचं काम आज मीटिंगमध्ये मी स्वतःच मागून घेतलं. दहा वॅट द्यायला हवेत. मी मोजले तेव्हा पाचच. शुक्रवारी गिऱ्हाईक न्यायला येणार. साहेब म्हणाले, आणखी कुणाला तरी दाखवून घ्या. म्हटलं, कशाला? उद्या संध्याकाळपर्यंत देतो. सेक्शन हेडची जागा रिकामी आहे. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

५ मार्च
काल लिहायला सवड नव्हती. ट्रान्झिस्टर गेलाय. पाहताक्षणी कळलं, अनुभव आहे. नवा टाकला. पाचच वॅट. म्हणजे नवाही खराब. हल्ली माल धड येत नाही.
हिने तिच्या दादाला फोनवर सांगून टाकलं, हे आता हेड होणार. मी अडवलं नाही.

६ मार्च, सकाळ
आजपासून शास्त्रशुद्ध पद्धत. एका वेळी एकच बदल.

६ मार्च, संध्याकाळ
वेळ कमी, म्हणून चार बदल एकदम केले. तीन वॅट. कशामुळे घसरलं कळेना. सगळं होतं तसं करून ठेवलं. बहुतेक तसंच. अडीच वॅट.
साहेब मागे येऊन उभे राहिले. कुठवर आलंय, म्हणाले. म्हटलं, दोष कोपऱ्यात गाठलाय. ते चष्मा पुसत निघून गेले.

७ मार्च, सकाळ
व्होल्टेज थोडं चढवणार. धोका आहे, पण हिशेबातला.

७ मार्च, दुपार
वास आला. मग धूर. शून्य वॅट.

७ मार्च, घरी
धूर पाहून मोजणी विभागातल्या बाई आल्या. ॲम्प्लिफायरपासून मीटरपर्यंतची लांब केबल पाहून त्यांनी विचारलं, हिच्यातच निम्मी पॉवर वाया जाते, ती आकड्यात धरलीत ना? धरली नव्हती. म्हणजे सोमवारी ॲम्प्लिफायर पुरते दहा वॅट देत होता. ठणठणीत होता.
साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्यासमोरच त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं, चूक माझी आहे. मग मला म्हणाले, तुम्ही घरी जा.
दारातच ही म्हणाली, आज लवकर आलात, म्हणजे झालं वाटतं काम. हो म्हटलं. अंघोळीला गरम पाणी काढते, म्हणाली. पाणी गार होईपर्यंत बाथरूममध्ये नुसता बसून राहिलो.