गोड लागलेल्या चक्क्याबाबत खुलासा

बिशान, सिंगापूर

सौ. मधुमतीस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम आहे. (मैत्रेयीने फोनवर वेगळंच सांगितलं असणार. आधी माझं ऐक.) आपल्या या सूनबाईंनी माझं एमआरटीचं (म्हणजे इथल्या मेट्रोचं) कार्ड जप्त केलंय आणि मी या फ्लॅटमध्ये स्थानबद्ध आहे. आरोप काय, तर मधुमेह असताना मी साखर घालून अर्धं पातेलं चक्का फस्त केला. साफ खोटं!

त्याचं असं झालं. शेजारच्या टॅनबाईंच्या कुंडीत एक झुडूप आहे. मूळचं आफ्रिकेतलं, तिकडे म्हणे रानात उगवतं. त्याला करवंदाएवढी लालभडक फळं येतात. बाईंनी चारपाच हातावर ठेवली, म्हणाल्या, "ट्राय लाह, अंकल!" फळाची स्वतःची चव यथातथाच (आमच्या अक्काच्या सरबतासारखी), पण ते चघळलं की पुढे तासभर आंबट ते सगळं गोड लागतं. लिंबू खाल्लं, मोसंबी! चिंच खाल्ली, खजूर! कारल्याचा रस मात्र कडू तो कडूच. तिथे आफ्रिकेनेही हात टेकले. मग फ्रीजमध्ये श्रीखंडासाठी ठेवलेला आंबट चक्का दिसला. बिनसाखरेचा. अगं, कितीतरी वर्षांनी श्रीखंड खाल्लं! डोळ्यांत पाणी आलं.

मैत्रेयी ऑफिसमधून आली, पातेलं पाहिलं आणि तडक साखरेच्या डब्याकडे धावली. मी म्हटलं, पोरी, आधी हे फळ खा, म्हणजे कळेल. तिने खाल्लं, मग चक्का चाखला. "बाबा, हा तर गोडमिट्ट आहे!" घ्या! अगं, तोच तर मुद्दा होता! कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, पण माझं ऐकेल तर शपथ. निःपक्षपाती साक्षीदार म्हणून मी आपल्या चिरंजीवांना, क्षितिजला बोलावलं (आणि घाईघाईत त्यालाही फळ दिलं. इथे माझं चुकलं). तो म्हणाला, "साखर जरा जास्तच झालीय." म्हणून त्यांनी उरलेल्यात नुसती वेलची घातली आणि रात्री जेवायला आलेल्या पाहुण्यांना वाढलं. आता तरी माझी सुटका होईल म्हणून मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, तर ते सभ्य निघाले. डोळे घट्ट मिटून म्हणाले, "वा! साखर अगदी बेताची हं."

तुझा शब्द मैत्रेयी मोडत नाही. तिला सांगून कार्ड तेवढं सोडव.

तुझा निर्दोष,
श्रीधर

ता. क. कार्ड शनिवारपर्यंत मिळावं. रविवारी सकाळी लिटिल इंडियात जिलेबी गरम मिळते. (असं ऐकलंय.)

ता. क. २. साखरेचा रिपोर्ट आत्ताच आला. वाढलीय. पण ती गेल्या रविवारच्या जिलेबीने, चक्क्याने नव्हे! चक्क्याबाबत मी निर्दोष आहे, एवढं आधी मान्य कर. तुझी फार आठवण आली म्हणून तुझ्या वाटणीचीही घेतली होती. पुण्यापर्यंत टिकली नसती, तेव्हा तीही मीच संपवली.