मुलुंडची खोली आणि निकालातले एक वाक्य

मी, कुमारी वनमाला दत्ताराम तिरोडकर, वय ५९, नोकरीतून निवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटी बहीण शुभा काही का म्हणेना.

१. शिवणयंत्र शेजारच्या राधाला. तेल वेळच्या वेळी घालावे. सुया डब्यात आहेत.

२. आईच्या पाटल्या मी कोणाला देऊ शकत नाही. त्या तिने हयातीतच शुभाच्या हातात घातल्या. आई अंथरुणाला खिळल्यापासून तिचे हगणेमुतणे मी काढले, औषधकंपनीतली नोकरी सांभाळून. शुभा बोरिवलीहून कधीतरी यायची, की आईचा चेहरा फुलायचा. "इलंस गो बाये माझ्या!" मी रोजचीच घरातली, मला कोण 'इलंस' म्हणणार? माझा नुसता जळफळाट व्हायचा. अजूनही होतो.

३. खोली आईच्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून. आई गेल्यावर शुभाने अर्धा हिस्सा मागितला, म्हणून मी दावा लावला. जजसाहेबांनी खोली माझी ठरवली आणि निकालात एक वाक्य घातले, की आईचा सांभाळ थोरल्या मुलीनेच केला. आमचे वकील जयवंत सबनीस यांनी ते इंग्रजीचे मराठी करून सांगितले. मी पुन्हा सांगायला लावले. आईने जे कधी तोंडातून काढले नाही, ते कोर्टाने शिक्का मारून दिले.

बाहेर जिन्यात शुभा म्हणाली, "ताई, खोली घे गं तू. पण त्या जजला काय ठाऊक आपल्या घरातलं?"

"तो आईच्या पोटचा नाही ना, म्हणूनच खरं बोलला!"

४. माझ्यामागे खोली महिला मंडळाला द्यायचे मनात होते. सबनीस म्हणाले, "बाई, बहीण हरकत घेईल. पुन्हा कोर्टात उभी राहील." तेव्हापासून मला चैन नाही. मी नसताना ती उभी राहणार, रडणार. रडणे तिला झकास जमते. आणि दुसरे जजसाहेब लिहितील की आईचा जीव धाकटीवर होता. खोटे कसे म्हणू? खरेच आहे ते. पण तेही शिक्क्यानिशी झाले, तर माझ्याकडे काय राहिले?

सबब सदर खोली मी शुभाला देत आहे. तिने कोर्टात जाऊ नये.

सही: वनमाला द. तिरोडकर
साक्षीदार: जयवंत सबनीस, वकील, चंद्रप्रकाश नाईक, सोसायटीचे सेक्रेटरी
मुलुंड, ११ ऑगस्ट १९८६