मुंगीच्या गळ्यातला बिल्ला

बंगलोर, २२ ऑगस्ट १९७१

ती. स्व. रंगनाथदादांस सहादेवचा सा. न. वि. वि.

मी खुशाल हाय. केशरवहिनीला दंडवत.

चारचौघांत सांगता येईल असं काय काम करतोस, हे तुमी दर पत्रात विचारता. तर सांगा: लष्करातनं रिटायर झालेल्या एका साहेबाच्या कुत्र्यांच्या फार्मावर हाय. चाळीस कुत्री. मटण उकळतो, पिंजरे धुतो, कुणाला कुणापासून पिल्लं झाली ते वहीत लिव्हतो. इथल्या कुत्र्यांच्या आज्या-पणज्यांची नावं कागदावर हायत, आणि मांजर दिसलं की ती आत पळतात.

भादवा तोंडावर आला म्हणून घाईनं लिव्हतो. आपल्या मुंगी कुत्रीला पाटलाच्या वाघ्याकडं नेऊ नका. तुमी त्याची नखं मोजता. वीस नखांचं कुत्रं राखणीला चांगलं हे ज्यानं काढलं, त्यानं नखं मोजली, काम बघितलं न्हाई. तरस ओरडला की वाघ्या पाटलीणबाईच्या चुलीमागं जातो, हे साऱ्या वाडीला ठावं. बाप निवडायचा तर आपल्या नावाच्याच श्रीमंताचा पिवळ्या. एका डोळ्यानं गेलेला, पण शेळी व्यायली की दिवसभर तिच्यापाशी बसतो आणि करडाला तोंड लावत न्हाई. असलं वळण रक्तात उतरतं.

दुसरं. मुंगीला पिसाळाची सुई टोचून घ्या. गेल्या साली इथं दुसऱ्या एका रोगानं आठवड्यात अकरा पिल्लं गेली, मी पुरली. तवापासून सुईशिवाय एक कुत्रं ठेवत न्हाईत. तुमाला सुई म्हंजे गोधडीची तेवढीच माहीत, म्हणून उलगडून लिव्हलं.

माया शिल्लक असंल तर ठेवा.
सहादेव

उंबरवाडी, पो. राजूर, १९ सप्टेंबर १९७१

चि. सहादेव यास अ. उ. आ.

पत्र पावलं. वहिनीनं दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, की जेवतो का, ते कुठं लिव्हलंय? मी म्हटलं, कुत्र्यांचं मटण लिव्हलंय, त्यातच समज.

बाबा रे, सात पिढ्या आमी शेळ्या राखल्या. तू दोन वर्षं कुत्र्यांचं हागणं काढलं तर आमाला सोयरीक शिकवतोस. तुझं पत्र आलं म्हणून मुद्दाम मुंगीला वाघ्याकडं नेलं. तिनं त्याचा कान फाडला. पाटील मलाच बोलला. घरी आणून बांधली, तर दोरी तोडून श्रीमंताच्या पिवळ्याकडं गेली. तुझं पत्र तिनंच वाचलं असावं. झालं ते झालं, त्यात तुझी हुशारी न्हाई.

सुईचं म्हणशील तर दिवाळी झाल्यावर राजूरला बाजारात गुरांचा डॉक्टर बसणार हाय. टोचलेल्या कुत्र्याला पितळी बिल्ला देतात, आणि बिल्ला नसंल ते पंचायत मारणार. आमचा शेजारी आसाराम म्हणतो, सुईनं कुत्रं मऊ पडतं, भुंकत न्हाई. त्याचं खरं असंल. तू तर चाळीस टोचलेल्यांत ऱ्हातोस, एक तरी कामाचं हाय का?

आशीर्वाद हायतच, ते काय सुईनं देत न्हाईत.
रंगनाथ

बंगलोर, २ ऑक्टोबर १९७१

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

वाघ्याचा कान फाटला हे वाचून दोन घास जास्त जेवलो. वहिनीला सांगा, जेवल्याचं लिव्हलंय.

आसाराम डॉक्टर कधी झाला? त्याच्या अंगावर देवीची सुई लहानपणी टोचली, तो भुंकायचा राहिला का? दादा, तुमच्यासारख्या अडाण्याच्या दारात असली कुत्री बांधणं म्हंजे आंधळ्याच्या हातात कंदील. राजूरला जाल तेव्हा डॉक्टरला सांगा, अगोदर मालकाला टोच, मग कुत्रीला.

मी गाव सोडलं तेव्हा ती एस.टी.मागं पिंपळापर्यंत पळाली हुती. तुमी घरातनं भाईर पण आला न्हाई. एवढं ध्यानात ठेवून तिला न्या.

रागावला तरी पत्र टाका.
सहादेव

उंबरवाडी, ६ डिसेंबर १९७१

चि. सहादेव यास अ. उ. आ.

तुला सांगायचं धाडस हुत न्हाई, तरी सांगतो.

मुंगीला चार पिल्लं झाली, तेवीस दिवसांची हायत. काल दिवसाढवळ्या एक कोल्हा शेळ्यांत आला. माणसाला भीत नव्हता, तोंडातनं लाळ, चाल तिरकी. मुंगी मधी पडली. आसारामनं कुऱ्हाडीनं कोल्हा मारला तोवर त्यानं तिला मानेवर आणि पायाला फोडली हुती. वहिनीनं लगेच हळद भरली. तिच्या बोटांना काट्यांचे चरे हुते. कोल्ह्याची लाळ त्यातनं आत गेली असंल, हे मला रात्री ध्यानात आलं.

मुंगीच्या गळ्यात बिल्ला हाय. पण तो तिचा न्हाई. आसारामचं कुत्रं टोचून घेतल्यावर चार दिसांनी ट्रकखाली आलं. त्याचा बिल्ला मी मागून घेतला. तिला टोचलीच न्हाई. राजूरला निघालो हुतो, मुंगीच्या गळ्यात दोरी पण घातली हुती. तवा तुझी ती ओळ आठवली, अगोदर मालकाला टोच. म्हटलं, ह्या पोराच्या सांगण्यावरनं तर न्हाईच. आन दोरी काढली.

आता काय करू ते लगोलग कळव. शिव्या नंतर दे.
रंगनाथ

बंगलोर, ११ डिसेंबर १९७१

ती. स्व. दादांस,

तार केलीच हाय, तीच उलगडून लिव्हतो. वहिनीला संगमनेरच्या सरकारी दवाखान्यात न्या. बेंबीभोवती चौदा सुया. एक पण चुकवायची न्हाई. गोजरमावशीकडं उतरा. गावठी औषधवाल्याचं ऐकून मागं फिरलात तर मी तुमचं तोंड बघणार न्हाई.

मुंगीला लोखंडी साखळीनं बांधा. पिल्लं आजच वेगळी करा, शेळीचं दूध पाजा. दहा दिवसांत काही झालं न्हाई म्हणून सोडू नका. दहा दिवस हे चावणाऱ्या कुत्र्याचे. चावून घेतलेल्यात रोग उठायला महिने लागतात. जवळ जाऊ नका, भाकरी काठीनं सरकवा.

दुसऱ्याचा बिल्ला कुत्रीच्या गळ्यात बांधणारा माणूस मी चाळीस कुत्र्यांत पाहिला न्हाई. आणि त्याला तसं करायला लावणारी जीभ माझी. माझी पण लाज वाटती, तेवढी नोंद घ्या.

वहिनीचं कळवा. बाकी काही नको.
सहादेव

उंबरवाडी, २० फेब्रुवारी १९७२

चि. सहादेव यास अ. उ. आ.

वहिनीच्या चौदा सुया झाल्या, हे मागं कळवलंच. पोट सुजलं हुतं, आता ठीक हाय. पाचव्या सुईला तिनं डॉक्टरला विचारलं, मी आता मऊ पडंन का? तो हसला न्हाई, मी हसलो.

मुंगी एकेचाळिसाव्या दिवशी गेली. आवाज बदलला, साखळी चावली, मग मागले पाय गेले. मी काठीनं पाणी सरकवलं, तिच्याकडं बघवलं न्हाई. श्रीमंतानं खड्डा खणला. बिल्ला मी आसारामला परत दिला.

पिल्लांची नखं मी मोजली. एकाला पण वीस न्हाईत. धीट पिल्लू कोणतं ते बघायला, तू मधल्या पत्रात लिव्हलं हुतं तसं, वहिनीची परात त्यांच्या मागं आपटली. तिघं पळाली. एक मादी पळाली, थांबली, परत येऊन परात हुंगून बघितली. ती ठेवली. परवा तिला टोपलीत घालून राजूरला नेली, पाच कोस चालत. डॉक्टरनं टोचली तर कुई पण केलं न्हाई. बिल्ला तिचा सोताचा हाय.

नाव ठेवायचं राहिलंय. ते पत्रानं ठेवू नको. पत्रात तुला माणसासारखं बोलता येत न्हाई, आणि मला पण.

वाट बघतोय असं वहिनी म्हणती.
रंगनाथ

बंगलोर, २८ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

साहेबाकडं रजा मागितली. त्यानं विचारलं, घरात कोण मेलं? मी सांगितलं, मुंगी, आमची कुत्री. तिची पणजी कोण हे ठाऊक नसंल म्हणून तो हसला. वही त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघालो. राजूरच्या डॉक्टरला कुत्री धरणारा माणूस लागत असंल तर विचारून ठेवा.

पिंपळापाशी उतरंन. अंगाला चाळीस परक्या कुत्र्यांचा वास असंल, पिल्लू माझ्यावर भुंकंल. त्याला दटावू नका. मला बघून भुंकलं न्हाई, शेपूट हलवत आलं, तर मात्र पाटलाला देऊन टाका.

आपला,
सहादेव